जिल्हा बाल संरक्षण कक्षातलं क्षेत्रकार्य : समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी पावसाळा लागला की समाजकार्य महाविद्यालयांची पत्रं यायला लागतात आणि पाठोपाठ विद्यार्थी येतात. बीएसडब्ल्यूचे, एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याच्या पदवीचे आणि पदव्युत्तर पदवीचे. कुणी मुलांसाठीच काम करायचं ठरवून आलेलं असतं, कुणी यादीत आमचं नाव लागलं म्हणून आलेलं असतं. मी त्यांची एजन्सी सुपरवायझर, म्हणजे कक्षाच्या बाजूनं त्यांचं काम बघणारी. इतकी वर्षं तेच प्रश्न ऐकतेय आणि उत्तरं जिन्यात, जीपमध्ये, बालकल्याण समितीच्या दाराबाहेर उभ्या उभ्या देत आलेय. ती एकदा बसून नीट लिहावीत असं खूप दिवस मनात होतं. हे सगळं महाराष्ट्रातल्या कामाबद्दल आहे. उदाहरणांतले तपशील मी मुद्दाम बदललेत, कारण त्यातलं एकही मूल कुणाला ओळखू येता कामा नये.

बाल संरक्षण कक्ष म्हणजे अनाथाश्रमच ना?

नाही. पहिल्या दिवशी निम्मे विद्यार्थी पाळणे आणि खाटा शोधत आत येतात आणि त्यांना दिसतात टेबलं, कपाटं आणि फायली. कक्षात मुलं राहत नाहीत. जिल्ह्यात कुठल्याही मुलाला काळजीची, संरक्षणाची गरज पडली की त्याच्यासाठी धावाधाव करणारं हे ऑफिस आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम १०६ खाली प्रत्येक जिल्ह्यात असा कक्ष असतो. जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संस्थात्मक आणि बिगरसंस्थात्मक काळजीसाठी एकेक संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्र कार्यकर्ते अशी ती टीम असते. सगळी पदं सगळीकडे भरलेली असतात असं मात्र समजू नका.

आजूबाजूची घडी समजून घ्या, नाहीतर पहिला महिना गोंधळात जाईल. १८ वर्षांखालचं प्रत्येक माणूस कायद्यासाठी बालक. त्यात दोन वाटा आहेत. एक, काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक : हरवलेलं, सोडून दिलेलं, भीक मागायला लावलेलं, घरात मार खाणारं, लग्न लावून देण्याच्या बेतात असलेलं. याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक महिला, आणि महिन्यातून किमान २० दिवस बैठक. दुसरी वाट विधिसंघर्षग्रस्त बालकांची, म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्यांची. ती बाल न्याय मंडळाकडे जाते. तिथे दंडाधिकाऱ्यांच्या शेजारी दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांत एक महिला असतेच. समाजकार्य करणाऱ्या माणसाला कायद्यानंच दंडाधिकाऱ्यांच्या बरोबरीनं बसवलंय, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात मुद्दाम सांगते. तुम्ही जे शिकताय ते कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं काम नाही.

बालगृह, निरीक्षणगृह, विशेष दत्तक संस्था या राहण्याच्या जागा. काही शासनाच्या, काही स्वयंसेवी संस्थांच्या. तुमची नेमणूक कक्षात असली तरी यांतल्या बहुतेक ठिकाणी तुमचं जाणं होतं.

प्लेसमेंट कशी मिळते? मी थेट येऊन भेटलो तर चालेल का?

भेटायला या, चहा पाजू. पण प्लेसमेंट महाविद्यालयाच्या पत्रावरच होते. पत्र जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाच्या नावे आणा. सोबत ओळखपत्राची प्रत आणि गोपनीयतेचं सही केलेलं हमीपत्र. बालगृहात जाण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. चारित्र्य पडताळणी मागितली तर मनाला लावून घेऊ नका. मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक माणसाची चौकशी झालीच पाहिजे.

आठवड्याचे किती दिवस? मानधन मिळतं का?

शिकता शिकता करायचं क्षेत्रकार्य साधारणपणे आठवड्यातून दोन दिवस असतं. ब्लॉक प्लेसमेंट सलग असते. तास विद्यापीठ ठरवतं. मानधन बहुतेक ठिकाणी नाही, आणि गृहभेटीचा एसटीचा खर्चसुद्धा अनेकदा तुमच्याच खिशातून जातो. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी संकोच न करता सुरुवातीलाच सांगावं. कार्यकर्त्यांच्या गाडीबरोबर भेटी लावता येतात, जवळची गावं देता येतात. पैशांमुळे गैरहजर राहायचं आणि कारण दुसरंच सांगायचं, हे मी फार पाहिलंय. त्यात विद्यार्थ्याचं नुकसान होतंच, पण वाट बघत बसलेल्या मुलाचं त्याहून जास्त होतं.

मला 'केस' कधी मिळेल?

या प्रश्नातली घाई मला समजते. व्यक्ती सहयोग कार्याच्या, म्हणजे एकेका व्यक्तीबरोबर केलेल्या कामाच्या, किती केसेस झाल्या, याचा रकाना तुमच्या जर्नलमध्ये, क्षेत्रकार्याच्या नोंदवहीत असतो. पण पहिले तीन-चार आठवडे वाचन, निरीक्षण आणि बरोबर फिरणं एवढंच करायचं. एक जुनी, बंद झालेली फाइल घ्या आणि पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाचा : पोलिसांचं पत्र, समितीसमोर हजर केल्याचा कागद, वैद्यकीय तपासणी, गृहचौकशी, आदेश. तारखा एका कागदावर उतरवा. दोन कागदांमध्ये जिथे पाच महिन्यांची पोकळी दिसेल तिथे थांबा आणि विचार करा, की त्या पाच महिन्यांत ते मूल कुठे होतं आणि त्याला कोण काय सांगत होतं. याच्याइतकं शिकवणारं व्याख्यान मला अजून सापडलेलं नाही.

आणि 'केस' हा शब्द. ऑफिसात आम्ही सगळेच वापरतो, तो सुटणार नाही. मुलासमोर मात्र नको. दहा वर्षांच्या एका मुलानं माझी ओढणी धरून विचारलं होतं, "माझी केस कुठल्या कोर्टात आहे? मी काय केलं?" तो हरवलेला मुलगा होता. रेल्वे स्टेशनवर सापडला होता. आम्ही त्याच्यादेखत चार वेळा 'ही केस, ती केस' बोललो होतो आणि त्यानं रात्रभर आपला गुन्हा शोधला होता.

समितीच्या बैठकीत बसता येतं का?

अध्यक्षांनी परवानगी दिली तर येतं. कोपऱ्यात बसायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा, मूल बोलत असताना वहीत काही लिहायचं नाही. मूल आधीच पाच अनोळखी चेहऱ्यांसमोर असतं, सहावा चेहरा शांत असावा. एखाद्या मुलानं नको म्हटलं किंवा नुसतं अंग चोरलं, तरी उठून बाहेर या. तो त्याचा हक्क आहे.

गृहभेटीला गेल्यावर काय विचारायचं? प्रश्नावली आहे का?

नमुना आहे, पण तो घरात उघडू नका.

एका विद्यार्थिनीबरोबर मी एका वाडीवर गेले होते. आठ वर्षांचा नातू बालगृहात, घरी एकटी आजी. पोलिसांच्या कागदावर एक ओळ होती : 'आई मुलास सोडून निघून गेली आहे.' आजीनं घरातली एकमेव खुर्ची विद्यार्थिनीला दिली आणि स्वतः जमिनीवर बसून शेंगा सोलू लागली. विद्यार्थिनीनं पॅड काढलं. नाव, वय, घरात माणसं किती, उत्पन्न किती. आजीची उत्तरं आखूड होत गेली. "हाय." "न्हाय." "ठावं न्हाय." दहा मिनिटांत फॉर्म भरला आणि हातात काहीच नव्हतं. मी नुसती बघत होते. मग त्या मुलीला स्वतःलाच काय वाटलं कोण जाणे, तिनं पेन बंद केलं, खुर्चीवरून उतरली, आजीच्या शेजारी बसली आणि सुपातल्या मूठभर शेंगा ओढून सोलायला लागली. पाचेक मिनिटं कुणीच बोललं नाही. नंतर आजीच म्हणाली, "माझी सून पळाली न्हाय गं. भट्टीवर हाय." सून वीटभट्टीवर कामाला होती. उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत निघता येत नव्हतं. शेजारच्या मुलाच्या फोनवर पैसे पाठवत होती आणि दर वेळी पोराची चौकशी करत होती. एका ओळीनं तिला पळून गेलेली बाई ठरवलं होतं. पुढे ती समितीसमोर आली आणि त्या फाइलीची दिशाच बदलली.

तेव्हा विचारायचं काय, यापेक्षा बसायचं कुठे याचा विचार आधी करा. बाकी साध्या गोष्टी आहेत. एकट्यानं जाऊ नका, पहिल्या भेटी कार्यकर्त्याबरोबरच. गळ्यात ओळखपत्र लटकवून गल्लीत शिरू नका. 'बाल संरक्षणवाले आलेत' हे शेजाऱ्यांना कळणं म्हणजे त्या घराची बदनामी. पत्ता विचारताना मुलाचं नाव घेऊ नका. पाणी दिलं तर प्या. घरात दारू प्यायलेलं कुणी असेल, आवाज चढत असेल, तर 'पुन्हा येतो' म्हणून निघा. आणि पुन्हा खरंच जा.

सामाजिक तपासणी अहवाल विद्यार्थ्यानं लिहायचा असतो का?

अहवाल समितीकडे जातो तो कार्यकर्त्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या सहीनं. विद्यार्थ्याच्या सहीनं नाही, आणि कुणी 'तूच करून टाक' म्हणालं तर मला येऊन सांगा. तुम्ही मसुदा लिहायला शिकता. ऑफिसात त्याला सगळे एसआयआर म्हणतात. २०१६ च्या केंद्रीय नमुना नियमांत काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी तो नमुना २२ आहे. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत समितीनं अंतिम आदेश द्यावा, असं कायदा म्हणतो. त्या आदेशाचा बराचसा भार या कागदावर असतो. म्हणून मी इथे कडक आहे. एकेक मसुदा चार-चार वेळा परत येतो, विद्यार्थी रुसतात, तरी मी सोडत नाही.

चूक जवळजवळ नेहमी एकच असते : पाहिलेलं आणि वाटलेलं एकत्र कालवलं जातं. 'आई बेजबाबदार असून मुलीकडे लक्ष देत नाही.' मी विचारते, हे तू पाहिलंस का? मग हळूहळू बाहेर येतं : आई पहाटे साडेपाचला चार घरची धुणीभांडी करायला निघते, दुपारी दोनला येते. मुलगी सकाळी स्वतः वेणी घालून शाळेत जाते. भेटीच्या दिवशी मुलीच्या डोक्यात उवा होत्या. चुलीवर भात झाकून ठेवलेला होता. हेच लिहा, याच क्रमानं. भातही लिहा. उवा दिसल्या म्हणून लिहायच्या आणि भात दिसला तरी सोडून द्यायचा, असा अहवाल पुष्कळ जण लिहितात. त्यावर मूल घरापासून तुटू शकतं.

दुसरी गोष्ट, कुणी सांगितलं ते प्रत्येक वेळी लिहा. 'वडील मारहाण करतात' यापेक्षा 'मुलानं सांगितलं की वडील पट्ट्यानं मारतात, शेजारच्या बाईंनी रात्री ओरडण्याचा आवाज ऐकल्याचं सांगितलं, वडिलांनी नाकारलं'. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, अवतरणात. प्रमाण भाषेत भाषांतर केलं की त्यातली भीती निघून जाते. 'बाप लई वंगाळ बघतो' याला 'वडिलांचे वर्तन असमाधानकारक' केलेलं मी वाचलंय.

जात, धर्म, शिक्षण हे रकाने भरायचेच, पण त्यावरून तर्क करायचे नाहीत. आणि जर्नलचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी संध्याकाळी लिहा. आठवड्याभरानं लिहिलेल्या रेकॉर्डिंगमधलं सगळं कसं नीट, गुळगुळीत असतं. खरं असं नसतं.

मुलानं 'कुणाला सांगू नका' म्हणून काही सांगितलं तर?

हा प्रश्न विद्यार्थी फार उशिरा विचारतात, बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर. म्हणून मी तो आधीच काढते.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पर्याय नाही. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला असा अपराध झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटते, त्या प्रत्येक व्यक्तीनं स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. विद्यार्थी त्यातून सुटत नाही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. तुम्ही त्याच दिवशी, त्याच तासाला सुपरवायझरला सांगा. रात्र असली तरी फोन करा, मी उचलते. पुढची पावलं आपण एकत्र टाकू.

मुलासमोर काय करायचं? 'नाही सांगणार' असा शब्द आधी देऊन बसू नका. मूल म्हणालं, "एक सांगू? शपथ घ्या आधी," तर शपथ घ्यायची नाही. म्हणायचं, "तुला त्रास होत असेल तर तो थांबवू शकणाऱ्या माणसाला मला सांगावंच लागेल. बाकी कुणालाही नाही." काही मुलं तिथेच गप्प होतात. होऊ द्या. बहुतेक परत येतात, कारण खोटं न बोलणारं माणूस त्यांना लगेच ओळखू येतं. सांगायला लागलं की ऐका. कोण, कुठे, कधी अशी उलटतपासणी नको. पोलिसांना, डॉक्टरांना, समितीला, न्यायालयात तेच पुन्हा सांगायचं असतं आणि दर वेळी ते मूल त्यातून जातं. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं बोला. बाहेर आल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. हे तुम्हाला माहीत असलं की मुलाला पुढे काय होणार ते खरं खरं सांगता येतं, आणि भीती तेवढी कमी होते.

फोटो काढू का? फक्त स्टेटसला ठेवेन, चेहरा झाकून.

नाही. पाठमोराही नाही, वाढदिवसाचा केक कापतानाचाही नाही, गटकार्याच्या अहवालासाठीही नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शिक्षेची भीती बाजूला ठेवा. एका मुलीनं मला सांगितलं होतं, की शाळेत तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती संस्थेच्या गाडीवरच्या नावाची. गाडी वळणावर थांबवा, मी चालत जाते, म्हणायची. तिचा फोटो तुमच्या दोनशे ओळखीच्या माणसांनी का बघावा?

जर्नलमध्ये नावाऐवजी अक्षरसुद्धा खऱ्या नावाचं घेऊ नका. गावाचं नाव बदला. आणि जर्नल एसटीच्या सीटवर विसरू नका, हे झालेलं आहे.

खाऊ न्यावा का? फोन नंबर द्यावा का?

खाऊ एका मुलाला नाही. गटाला द्यायचा तर अधीक्षकांना विचारून. नंबर, पैसे, सोशल मीडिया यांतलं काहीही नाही. विद्यार्थ्यांना हे निष्ठुर वाटतं. तुम्ही दिलेला नंबर ते मूल रात्री एक वाजता लावणार आहे, आणि तुमचा फोन बंद असणार आहे. त्यापेक्षा त्याला १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाठ करून द्या. तो चोवीस तास उचलला जातो. चाइल्डलाइनची ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रकृती प्रकल्पातून सुरू झाली. म्हणजे तुमच्यासारख्यांच्याच शिक्षणसंस्थेतून, क्षेत्रातल्या कामातून निघालेली. २०२३ पासून ती शासनामार्फत, ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडून चालवली जाते.

लहान मुलं एकदम येऊन बिलगतात. काय करावं?

झिडकारू नका, उचलूनही घेऊ नका. खाली बसून डोळ्यांच्या पातळीवर या, हात हातात घ्या, नाव विचारा. ओळख नसताना प्रत्येकाला बिलगणारं मूल प्रेमळ आहे म्हणून बिलगत नाही; त्याच्याकडे आलेली माणसं टिकलेली नाहीत म्हणून बिलगतं. काळजीवाहकांचं त्या मुलाशी नातं जुळत असतं, त्याच्या आड येऊ नका.

विद्यार्थिनीच्या पालकांचा प्रश्न : आमची मुलगी क्षेत्रकार्याला निरीक्षणगृहात बालगुन्हेगारांमध्ये जाते, ती सुरक्षित आहे का?

आहे. ती कधीही एकटी नसते, आणि महाविद्यालयाचे व आमचे दोन्ही सुपरवायझर तिच्या संपर्कात असतात. 'बालगुन्हेगार' हा शब्द मात्र मी नम्रपणे खोडते. कायद्याच्या कलम ३ मध्ये कलंक लावणारी भाषा वापरायची नाही असं तत्त्वच दिलंय. या मुलांना पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्यातली कित्येक मुलं वर्षभरापूर्वी पहिल्या वाटेवरची, काळजी व संरक्षणाची गरज असलेली होती : मार खाणारी, शाळा सुटलेली. तेव्हा कुणी पोहोचलं नाही.

मुलाला घरी पाठवायचा आदेश झाला. घर फार गरीब आहे. हे चूक नाही का?

नाही. आणि यावर मी विद्यार्थ्यांशी तासन्‌तास भांडलेय. बालगृहात तीन वेळचं जेवण आहे, खाट आहे, शाळा आहे. घरी पत्रा गळतोय. मग कशाला पाठवायचं? गरिबी हा आईबापांचा गुन्हा नाही म्हणून. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हेही कलम ३ मधलंच तत्त्व आहे. आपण विचारायचा प्रश्न असा, की हे मूल या घरात सुरक्षित राहावं म्हणून घराला काय पुरवावं लागेल?

इथे विद्यार्थी खरोखर मोठं काम करू शकतात. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रायोजकत्वात, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून दिलेल्या मदतीत, दरमहा ४,००० रुपये. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात एका विधवा बाईला मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाइड आणि आधार जोडलेलं बँक खातं हे सगळं गोळा करायला मजुरीचे पाच-सहा दिवस बुडवावे लागतात. रेशनकार्डावर एक आडनाव, आधारवर दुसरं. तिच्याबरोबर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहणं हे समाजकार्य आहे. एका वर्षी एका विद्यार्थ्यानं दुसरं काही फारसं केलं नाही, फक्त अकरा घरांची कागदपत्रं पूर्ण करून दिली. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी विचारलं, "यात पद्धत कुठली वापरली?" तो गोंधळला. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

घर सुरक्षितच नसेल, तिथे मारणारा किंवा अत्याचार करणारा असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा नातेवाईक, प्रतिपालक कुटुंब, संस्था या वाटा आहेत. गरिबी आणि धोका वेगवेगळे ओळखता येणं यासाठीच तर तुमचं शिक्षण आहे.

गावात बालविवाह ठरल्याचं कळलं. मी जाऊन थांबवू का?

एकट्यानं मुळीच नाही. १०९८ ला कळवा आणि आम्हाला कळवा. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना आणि पोलिसांना घेऊन कक्षाची टीम जाते. मांडवात लग्न थांबवणं हा अर्धाच भाग. नंतर त्या मुलीकडे महिनाभर कोण जातं, तिची शाळा पुन्हा सुरू होते का, दुसऱ्या तालुक्यात गुपचूप लग्न उरकलं जातंय का, हे बघणं राहतं. तिथे तुमची गरज आहे.

रात्री झोप लागत नाही. मी या कामाला नालायक आहे का?

नाही. ऐकलेलं अंगावर येणारच. ते घरी एकट्यानं सोसू नका आणि मित्रांना सांगून मोकळंही होऊ नका, कारण ती गोष्ट त्या मुलाची आहे. त्यासाठीच आठवड्याची वैयक्तिक चर्चा, म्हणजे आयसी असते. ती फक्त जर्नलवर सही घ्यायची वेळ नाही. तिथे रडलेल्या विद्यार्थ्यांना मी कधी कमी लेखलेलं नाही. तुमच्या स्वतःच्या लहानपणातलं काही ढवळून निघालं असेल तर तेवढं सांगा. तपशील नको, विषय बदलून देऊ.

पुढे नोकरी मिळते का?

कक्षातली बहुतेक पदं कंत्राटी आहेत. पगार कामाच्या मानानं कमी आहे, नूतनीकरणाची टांगती तलवार असते. तरी चांगला अहवाल लिहिणाऱ्या माणसाला संस्था शोधत येतात.

एखादा दिवस आलो नाही तर चालेल का? आणि शेवटच्या दिवशी कसं निघायचं?

मी विद्यार्थी असताना एका बारा वर्षांच्या मुलीला 'पुढच्या मंगळवारी येते' म्हटलं होतं. परीक्षा आल्या. तीन आठवड्यांनी गेले. ती माझ्याकडे बघून ओळख न दाखवता निघून गेली. काळजीवाहक बाईंनी सांगितलं, की पहिल्या मंगळवारी ती सकाळपासून चप्पल घालून जिन्यात बसली होती. संध्याकाळी जेवायलाही उठली नव्हती. मला कुणी रागावलं नाही. महाविद्यालयाच्या हजेरीत माझे ते दिवस रजेचे होते.

या मुलांच्या आयुष्यातून माणसं न सांगता गेलेली आहेत. आई पाणी आणायला म्हणून गेली, बाप कामाला म्हणून गेला. म्हणून येणार नसाल तर आधी कळवा, मुलापर्यंत निरोप पोहोचला का ते विचारा. 'बघू', 'जमलं तर' असं बोलू नका. वार आणि वेळ सांगा, ती पाळा.

निघायची तयारी शेवटच्या दिवशी नाही, दीड महिना आधी सुरू करा. मूल विचारणारच, "ताई, तुम्ही परत येणार ना?" 'हो, येत जाईन' हे उत्तर सोपं आहे आणि खोटं आहे. सांगा : "माझं कॉलेज संपतंय. आणखी सहा शुक्रवार मी येणार आहे. त्यानंतर नाही येणार." मूल रागावेल, मध्ये दोन शुक्रवार बोलणार नाही, तरी जा. एका विद्यार्थ्यानं जुन्या कॅलेंडरचं पान मुलाला दिलं होतं, प्रत्येक भेटीनंतर दोघं मिळून एक चौकट रंगवायचे. शेवटच्या दोन भेटींत काय खेळायचं ते मुलाला ठरवू द्या. तुमच्या जागी पुढे कोण कार्यकर्ता येणार, त्याची ओळख तुम्ही असतानाच करून द्या. निरोपाचा कार्यक्रम, भाषण, भेटवस्तू नको. आणि निघण्याआधी अधीक्षकांशी बोलून ठेवा, की त्या संध्याकाळी त्या मुलाजवळ कोण बसणार आहे.